भाच्यांसाठी बाळबोध अक्षरं, पण मोठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं माहेर वडोदऱ्याचं, सासर नाशिकचं. दर मे महिन्यात आठ-दहा दिवस दांडिया बाजारात भावाकडे येते. हे पत्र तिथूनच लिहिते आहे. भावाला दोन मुली. थोरली तिसरी पास झाली, धाकटी यंदा पहिलीत जाईल. दोघी घरात भरभरून मराठी बोलतात. मधूनच "आत्या, चाल ने" येतं, पण तसं तर आम्हीही लहानपणी बोलायचो.

एका दुपारी तुमचा अंक थोरलीपुढे धरला आणि म्हटलं, वाच. ती म्हणाली, "आत्या, ही अक्षरं मला नाही येत, तूच वाच." शाळा गुजराती माध्यमाची, हिंदी अजून सुरू व्हायचंय. देवनागरी तिला कुणी दाखवलीच नव्हती. मला रात्रभर झोप लागली नाही. आमची आजी याच घरात रोज पेपरच्या ओळींवरून बोट फिरवत वाचायची. या लिपीला ती बाळबोध म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन बसले. ग, त, न, म, प, व, स अर्ध्या तासात झाली, कारण गुजरातीतही ती जवळजवळ अशीच, फक्त डोक्यावर रेघ नाही. ख, च, ज, झ, फ यांनी मात्र चार दिवस घेतले. थोरली आधी सगळी ओळ बिनरेघेची लिहायची आणि मग पट्टी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायची. सगळे शब्द एकमेकांना चिकटायचे. मी खोडलं नाही. पाचव्या दिवशी तिची तिनेच रेघ तोडली.

संध्याकाळी सयाजीबागेत जाताना काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी थांबलो. घोड्यावर बसलेले महाराज सयाजीराव गायकवाड आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, हे मी त्यांना सांगितलं. १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी ते इथे येऊन शिकले. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. धाकटीने विचारलं, "त्यांना ज कोणी शिकवला?" इतका वेळ ती आपल्या ज वरच अडलेली होती.

आता विनंती. दुकानातून अंकलिपी आणली तर त्यात कमळ, बदक, घर. पंधरा मिनिटांत दोघी कंटाळल्या. त्यांना भाषा येते हो, अक्षरं तेवढी नवी आहेत. बोबडं लिहिलेलं त्यांना नको आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक चौकट द्या: टाईप मोठा, जोडाक्षरं बेताची आणि मजकूर खरा, एखादी गोष्ट, एखाद्या किल्ल्याची किंवा पक्ष्याची माहिती. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्याच्या कितीतरी घरांत ती कात्रीने कापून ठेवली जाईल. आमच्या घरात तर नक्कीच.

आणि माझ्यासारख्या आत्या, मावश्या, मामांनाही सांगावंसं वाटतं, की व्हिडिओ कॉलवर मुलं बोलतात, वाचत नाहीत. महिन्याला चार ओळींचं पत्र टाका, मोठ्या अक्षरांत.

उद्या रात्री मी निघते. बारा पोस्टकार्डांवर माझा नाशिकचा पत्ता लिहून ती थोरलीच्या दप्तरात ठेवली आहेत. पहिलं कार्ड तिने आजच लिहून टाकलं, मी अजून इथेच असताना. त्यात ज दोनदा आला आहे, दोन्ही वेळा बरोबर.

आपली,
एक आत्या
(मुक्काम दांडिया बाजार, वडोदरा)