पडद्याची खालची पट्टी रिकामी करा

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
माहिती व प्रसारण मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : चालू कार्यक्रमावर येणाऱ्या जाहिरातपट्ट्या आणि केबल टीव्हीच्या नियमांतला नियम ७(१०)

महोदय, सादर नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात राहते. माझी आई ७९ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी तिचं ऐकणं जवळपास गेलं. कानाचं मशीन लावलं तरी टीव्हीचा आवाज तिला नुसती घरघर वाटतो, म्हणून ती आवाज बंद करूनच टीव्ही बघते. खरं तर ती टीव्ही वाचते. क्रिकेटचा धावफलक, बातम्यांच्या खालून सरकणारी पट्टी, चित्रपटाला उपशीर्षकं असली तर ती. तिला हवं ते सगळं पडद्याच्या खालच्या दोन-तीन बोटं उंचीत असतं आणि जाहिरातीला नेमकी तीच जागा लागते.

आई या जाहिरातपट्टीला 'व्यत्यय' म्हणते. दूरदर्शनच्या जुन्या दिवसांत प्रक्षेपण तुटलं की पडद्यावर तशी पाटी लागायची, तो शब्द तिने सोडलेला नाही. "परत व्यत्यय आला बघ," असं दिवसातून किती वेळा म्हणते, मी मोजणं सोडून दिलं आहे.

सामन्यात धावफलक झाकला गेला तर तिची करमणूक बिघडते, एवढंच. षटकाचा शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच मैदान आक्रसून कोपऱ्यात जातं, डावीकडून आणि खालून इंग्रजी 'एल'च्या आकाराची जाहिरात चढते, सीमेवर झेल घेतला की सुटला हे कळत नाही. त्याचाही राग येतो. पण हे पत्र मी पावसाळ्यासाठी लिहिते आहे.

सांगलीत पाऊस लागला की घराघरात एकच आकडा विचारला जातो : आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती? ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या आठवड्यानंतर गावभागातल्या म्हाताऱ्या माणसांना हा आकडा ऐकल्याशिवाय झोप येत नाही. आईला तर ऐकूच येत नाही, तिने तो वाचायचा. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, पुलाजवळ किती फूट झाले, हे सगळं बातमीच्या खालच्या पट्टीवर सरकत येतं. ४२ वाचलं की खालच्या खोलीतलं धान्य आणि कागदपत्रांची पेटी वर चढवायची, हे आमचं ठरलेलं आहे. दुपारी मी कामावर असते, ती घरी एकटी असते. मोबाइलवर येणारे संदेश तिला उघडता येत नाहीत. तिला टीव्ही येतो.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी ती पट्टी वाचत बसली होती. 'सांगली : आयर्विन पूल' एवढं आलं आणि त्यावर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात चढली. ती खाली गेली तोवर पट्टीवर दुसऱ्याच जिल्ह्याची बातमी होती. पुढच्या फेरीलाही तसंच. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ती दारात उभी होती. "अगं, आकडा कुठं दिसतोय? नुसतं तेल दिसतंय," म्हणाली. दुपारभर ती जिन्यावरून खालच्या खोलीत जाऊन फरशी ओली झाली का ते हाताने बघत होती. पाणी त्या वेळी गल्लीपर्यंत आलं नाही. पण ७९ वर्षांच्या बाईने दुपारभर जिना चढउतार करावा, तोही एका तेलाच्या जाहिरातीपायी, हे मला सहन होत नाही.

मी नवा कायदा मागत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यातल्या नियम ७ च्या उपनियम १० मध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात कोणत्याही प्रकारे अडथळा आणता कामा नये. उदाहरणही तिथेच दिलेलं आहे, ते म्हणजे पडद्याच्या खालच्या भागात कार्यक्रमासोबत स्थिर किंवा सरकता मजकूर दाखवणं. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आईसाठीच कुणी लिहिला असावा असं वाटलं.

पुढचा उपनियम, ११, वेळेचा आहे. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं, त्यातली १० जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रचाराची. त्यावरून दूरसंचार नियामक प्राधिकरण आणि वाहिन्या यांच्यात काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. मे २०१२ मध्ये प्राधिकरणाने जे विनियम काढले, त्यात जाहिरात पूर्ण पडद्यावरच दाखवावी, अर्ध्या पडद्यावरची किंवा वरून खाली उतरणारी जाहिरात चालणार नाही, असं कलम होतं. जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा, असंही होतं. मार्च २०१३ च्या दुरुस्तीत ही कलमं गेली, मिनिटांची मर्यादा उरली, आणि तीही डिसेंबर २०१३ पासून दिल्ली उच्च न्यायालयात अडकली. पण तिथला वाद मिनिटांचा आहे. मी जागेबद्दल बोलते आहे, आणि जागेचा नियम आपल्या मंत्रालयाच्या नियमावलीत आजही आहे.

बातम्यांच्या वाहिन्या जाहिरातीवर जगतात, हे मला समजतं. त्यांचे वार्ताहर आमच्या गल्लीत गुडघाभर पाण्यात उभे राहून बोलत होते, त्यांचा पगार कुठून तरी यायला हवा. जाहिरात दाखवा. विश्रांती घ्या, पूर्ण पडदा भरून दाखवा, आम्ही बसून बघू. कार्यक्रम चालू असताना त्याच्या अंगावर चढू नका, इतकंच. ज्या वाहिन्यांचे आम्ही दरमहा वेगळे पैसे मोजतो, त्यांना तर हीही सबब उरत नाही. फेब्रुवारी २०१९ पासून हवी ती वाहिनी निवडा आणि तिची किंमत द्या अशी पद्धत आली, आम्ही निवडली, किंमत दिली, आणि पट्टी तिथेही आली.

तक्रारीची वाटही चालून पाहिली. याच केबल नियमांच्या जून २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. मला पोच आली. पंधराव्या दिवशी उत्तरही आलं : जाहिरात संहितेचं पालन केलं जातं, सूचनेबद्दल आभार. मी पाठवलेल्या छायाचित्राबद्दल, पाण्याच्या आकड्याबद्दल, आईबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. वर अपील करता येतं, मी केलंही असतं. पण एकेका पट्टीसाठी एकेका प्रेक्षकाने तारीख, वेळ आणि फोटो घेऊन दाद मागत बसायचं, ही कुठली व्यवस्था? वाहिन्यांवर नजर ठेवायला आपल्याकडे २००८ पासून इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर आहे. जी पट्टी माझ्या आईला चष्म्यातून दिसते, ती तिथल्या पडद्यांवरही दिसत असणार.

अजून एक. ११ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच मंत्रालयाने कर्णबधिर प्रेक्षकांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं काढली. उपशीर्षकं आणि सांकेतिक भाषा वाढावी म्हणून. सांगलीतला पूर ओसरून तेव्हा महिना झाला होता, आणि ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. उपशीर्षकं खालीच येतात, महोदय. ती जागा एका हाताने बहिऱ्या माणसाला द्यायची आणि दुसऱ्या हाताने जाहिरातदाराला, असं कसं चालेल?

माझी विनंती अशी. नियम ७(१०) ची आठवण करून देणारा स्पष्ट लेखी निर्देश सगळ्या वाहिन्यांना पाठवावा, आणि तो स्थानिक केबलवाल्यांनाही लागू आहे हे त्यात लिहावं, कारण आमच्याकडे रात्रीच्या चित्रपटावर साडीच्या दुकानाची पट्टी त्यांचीच असते. कोणत्या वाहिनीने तो किती वेळा मोडला, याची नोंद मॉनिटरिंग सेंटरने दरमहा लोकांसमोर ठेवावी. आणि हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल, तर निदान एक गोष्ट लगेच करावी : पूर, धरणाचा विसर्ग, वादळ यांची माहिती पट्टीवर चालू असेल तेव्हा तिच्यावर कोणतीही जाहिरात येणार नाही, असा आदेश जूनच्या आत काढावा.

जूनमध्ये आई पुन्हा त्या पट्टीसमोर बसणार आहे.

आपली,
गावभागातली एक प्रेक्षक,
सांगली