तो वाडा गावानेच जाळलाय

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पोर्तुगालच्या पडक्या किल्ल्यांवर पानभर आलंय ते आवडलं, पण कास्तेलो रॉद्रिगोच्या फोटोखाली 'स्पॅनिश हल्ल्यात उद्ध्वस्त' असं छापलंय ते काही बरोबर नाही हो. फोटोत दिसतोय तो पडका वाडा गावकऱ्यांनी स्वतःच पेटवलाय.

गाव स्पेनच्या हद्दीजवळ, टेकडीवर. १२९७ च्या तहात पोर्तुगालकडे आलं. पुढे १३८३ ते ८५ गादीवरून भांडण लागलं तेव्हा किल्लेदार कास्तीलच्या (म्हणजे शेजारच्या स्पॅनिश राज्याच्या) बाजूला गेला आणि राजा झाला नेमका दुसराच, जुआंव पहिला. मग त्याने शिक्षा काय दिली म्हणून सांगतात, तर गावाच्या चिन्हातली राजढाल उलटी करायची! चूक किल्लेदाराची आणि मान खाली गावाची, ती पण पिढ्यानपिढ्या.

त्यामुळे १५८० ला स्पेनचा फिलिप दुसरा पोर्तुगालचाही राजा झाला आणि त्याला मदत करणारा क्रिश्तोव्हाव द मोउरा याच गावाचा मार्की (म्हणजे मोठा सरदार) बनून जुन्या किल्ल्यात वाडा बांधून बसला, तेव्हा लोकांना काय वाटलं असेल बघा. (आमची वसई, चौल, गोवा पण तेव्हा त्याच फिलिपच्या नावावर, हे आपण विसरतोच.) साठ वर्षांनी, डिसेंबर १६४० मध्ये लिस्बनला उठाव होऊन स्पेनची सत्ता गेली, ती बातमी येऊन पोचली आणि गावाने वाडा जाळला. मोउरा स्वतः तर १६१३ लाच वारलेला, पोरगा स्पेनच्या चाकरीत, म्हणजे हाताशी कोण होतं तर नुसत्या भिंती, त्यांच्यावर राग निघाला.

स्पॅनिश फौज १६६४ ला चालून आली होती हे खरंय, पण ती मार खाऊन परत गेली, बहुतेक तिथेच घोळ झाला असावा.

वाडा परत कोणी उभा केला नाही. मला तेच आवडतं, नाहीतर आपल्याकडे बुरुज दिसला की सिमेंटची पिशवी फुटलीच म्हणून समजा.

तर पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापा, आणि जमलं तर उलट्या ढालीचा फोटो पण टाका.

आपला एक वाचक,
वसई