साडेसहा फुटांवर मुरूम

नागपूर, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालून राहिला असशील. घाल. तू दोनदा केलास. पहिल्यांदा मी रेल्वे फाटकावर अडकलो होतो, हे खरं. दुसऱ्यांदा फोन हातातच होता, वाजू दिला. उचलला असता तर तू "पायाचे खड्डे पाहिले होतेस ना?" विचारलं असतंस आणि मी परत "हो" म्हटलं असतं. लिहिताना खोटं बोललो की माझं अक्षर बिघडतं, हे तुला दहावीपासून माहीत आहे. म्हणून पत्र.

तब्येत ठीक. शुगर जिथल्या तिथे. आई बरी.

मागच्या मंगळवारी नव्या घराच्या सेप्टिक टँकचा खड्डा खणायला घेतला. मागच्या अंगाला, जिथे तू नकाशात दोनदा खोडून परत काढला होतास. मी चहा घेऊन गेलो. पाच फूट झाले, काळी माती. साडेपाच, काळीच. सहा फुटांवर फावडं घासून गेलं तिथे ती अशी चकाकत होती, जसा काळा साबण कापलाय. साडेसहाला टिकाव पहिल्यांदा खणकन वाजला आणि पिवळा मुरूम वर आला. मी कप धरून उभाच. तिथून सात फुटांवर आपला मागचा कोपऱ्याचा कॉलम आहे बे. आणि मे महिन्यात पायाचे खड्डे खणले तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं? "पाच फुटांवर मुरूम लागला, मी स्वतः पाहिला."

मी पाहिला नव्हता. मी तेव्हा अमरावतीला होतो, साळ्याच्या साक्षगंधात.

ठेकेदाराचा फोन आला: "भाऊ, मुरूम लागला, मिक्सर लागला, पोट्टे बसून हायेत, भरू का?" तुझं ठरलेलं होतं. प्रत्येक खड्ड्याच्या तळाचा फोटो, टेप लावून, आणि तू हो म्हटल्याशिवाय पीसीसीचं, म्हणजे तळाच्या साध्या काँक्रीटचं, घमेलंसुद्धा आत जाणार नाही. मी म्हटलं, फोटो पाठव. खड्डे बारा, फोटो आले तीन. टेप एकातही नाही. एकात तर नुसती त्याची चप्पल. मी ते मांडवात उभ्याउभ्या पाहिले, समोर सासरे पाहुण्यांची ओळख करून देऊन राहिले होते, आणि मी "भर" म्हणालो. एका शब्दाचं काम. संध्याकाळी तुला फोन केला तर तू म्हणालास, "शाब्बास. आता कॉलमच्या रिंगा बघ." ती शाब्बासकी सहा महिने दातात अडकून आहे.

त्यापुढचं सगळं मात्र पाहिलं, तुझी शपथ. कॉलमला ४० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक मी हाताने बांधून घेतले. रिंगांचे हूक ९० अंशात वळवून आणले होते, ते परत पाठवले, १३५ केल्यावरच लावू दिले. स्लॅब पोळ्याच्या आधी टाकला, मजूर गावाला गेले, तर पाणी मी मारलं, लुंगी खोचून, सकाळ-संध्याकाळ. टेकू चौदा दिवस काढू दिले नाहीत. शेजारचे म्हणाले, भाऊ भलते बारीक आहेत. वरचं सगळं इतकं बारीक आणि खाली काय आहे ते देवाला ठाऊक!

पाइलवरून आपण भांडलो ते आठवतं? तू म्हणालास अंडर-रीम्ड पाइल टाक, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटर खाली जा, तिथे मातीचं फुगणं-आकसणं पोचत नाही. मी ओरडलो, बंगला बांधून राहिलो की उड्डाणपूल! नागपुरात उड्डाणपूल काय कमी आहेत! तू कंजूस म्हणालास. मी तुझ्या बाबांच्या घराचा विषय काढला. तो काढायला नको होता. शेवटी तूच नमतं घेतलंस: ठीक आहे, कॉलमखाली साधे फूटिंग, म्हणजे काँक्रीटची बैठक, पण मुरमात, मग तो कितीही खाली लागो.

हनुमाननगरच्या त्या घरातली खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग परवापासून डोक्यातून जात नाही. मे महिन्यात आपलं आठ आण्याचं नाणं तिच्यात आरामात जायचं, श्रावणात अडकायचं. आपल्याला ती जादू वाटायची. बाबा दरवर्षी सिमेंट भरायचे आणि दरवर्षी ती त्याच वाटेने यायची. दुमजलीचं वजन असतं केवढंसं, काळी माती त्याला खालून सहज उचलते, हे तूच मला शिकवलंस. आणि तुलाच फसवलं.

गंमत म्हणजे तपासायला माणसं कमी आली नाहीत. बँकेचा माणूस आला, जोत्याचा फोटो काढला, हप्ता सुटला. जोत्याच्या दाखल्यासाठी एक पोरगा आला, बाजूची जागा नकाशाप्रमाणे सोडली का ते मोजून गेला. कागदावर सगळं नीट आहे. जोत्याच्या खाली मुरूम आहे की माती, हे त्यांच्यापैकी कोणाचं कामच नव्हतं. ते माझं होतं.

काल त्या कोपऱ्याच्या कॉलमशेजारी खड्डा घेतला, एकाच बाजूने, जपून. पीसीसीचा तळ पाच फूट चार इंचांवर लागला. त्याच्याखाली आठ मिलिमीटरची सळई हाताने दाबली. हातोडा नाही, नुसता हात. वीतभर आत गेली. ठेकेदाराला बोलावून दाखवलं तर म्हणतो, "समोर पाचवर लागला होता भाऊ, मागं बी तसाच असन म्हणून..." वर म्हणतो हॅमर टेस्ट करून देतो, काँक्रीट एक नंबर निघन. अरे, काँक्रीटबद्दल कोण विचारून राहिलं!

सेप्टिक टँक थांबवला आहे. झिरपलं की त्याच मातीत पाणी. प्लॅस्टरही थांबवलं. सुमीला "काळी माती लागली" एवढंच सांगितलं, तिने बांगड्या गहाण ठेवून दिलेले पैसे त्या स्लॅबमध्ये आहेत. एक जण म्हणाला, टेकू देऊन एकेका फूटिंगखालून काँक्रीट मुरमापर्यंत उतरवता येतं. एक जण म्हणाला, हात लावू नको, घराभोवती पाणी जाऊ देऊ नको, बस. दोघांनीही खड्डा पाहिला नाही. तू सांगशील तेच करीन, पाडायला सांगितलंस तरी. म्हणजे पाडायला सांगू नकोस.

काकूंच्या गुडघ्याचं मन्याकडून कळलं. चालतात ना आता? पिंकीची बारावी यंदाच ना? तुझ्या नव्या ऑफिसचंही विचारायचं होतं. संत्री आली की पेटी पाठवतो, लाच समज.

पुढच्या शनिवारपासून बाकीचे अकरा उघडतो, एका दिवशी एकच, समोरासमोरचे नाही. येता आलं तर ये. तिकीट मी काढतो, कंजूस म्हणू नकोस. सोबत कालचे चार फोटो छापून टाकले आहेत. टेप लावलेली आहे, आकडे वाचता येतात. चौथ्यात सळई धरलेला हात माझाच आहे.

तुझा,
पम्या