आईची अर्धशिशी आणि मानेवरचे हाताचे उपचार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांनी पाठवलेला आईच्या मानेचा एक्स-रे नीट पाहिला. रिपोर्टात 'स्पॉन्डिलोसिस' वाचून तुम्ही दोघंही घाबरलात. पण आईच्या वयात मणक्यांची एवढी झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, ज्यांचं डोकं कधीच दुखलं नाही त्यांच्याही. आई, तुझी अर्धशिशी विशीपासूनची आहे, ती या झिजेतून आलेली नाही. त्यामुळे 'मणक्यांतली गॅप मोकळी केली की डोकं थांबेल' असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. तरीही फिजिओकडे जाऊन मानेवर हाताने उपचार करून घे, असंच मी सांगेन.

मानेतल्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि कपाळ-डोळ्यांकडून येणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे निरोप मेंदूच्या देठापाशी एकाच जागी पोचतात. म्हणून मानेचं दुखणं डोळ्यामागे जाणवतं आणि डोक्याचं मानेत उतरतं. तुला वाटतं की आधी मान धरते आणि त्यामुळे डोकं उठतं. पुष्कळदा मान धरणं हीच अटॅकची सुरुवात असते. पण रस्ता दुहेरी आहे. मानेचे स्नायू कायम ताठ असतील तर तिथूनही त्या जागी भर पडत राहते, आणि हाताच्या उपचारांनी कमी करता येण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे.

यावर झालेले अभ्यास पाहिले की अपेक्षा बेताची ठेवावी लागते. जर्मनीत २०११ साली अर्धशिशीच्या ४२ बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. निम्म्यांना १० आठवड्यांत प्रत्येकी ५० मिनिटांचे ५ ऑस्टिओपॅथी (सांधे-स्नायूंवर हाताने करायचे) उपचार दिले, त्यांचं दुखणं कमी झालं. पण उरलेल्या बायकांना नुसती प्रश्नावली भरायला दिली होती, म्हणजे हात लागल्याचा दिलासा किती आणि तंत्राचा गुण किती, हे वेगळं काढता येत नाही. नॉर्वेत २०१७ साली १०४ जणांवर जास्त काटेकोर चाचणी झाली. एका गटाच्या मणक्यांना हाताने झटके दिले, दुसऱ्या गटाला मणका सोडून भलतीकडेच खोटे झटके दिले, तिसऱ्याची फक्त नेहमीची औषधं चालू ठेवली. दुखण्याचे दिवस तिन्ही गटांत घटले आणि खरा झटका खोट्यापेक्षा सरस ठरला नाही. म्हणून मान कडकन मोडून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

त्यात धोकाही आहे. मान झटक्याने वळवली तर मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर अर्धांगवायूपर्यंत जातं, आणि अर्धशिशी असणाऱ्यांत धमनी अशी फाटण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. बाबा, सलूनमध्ये मालिशनंतर मान मोडून घेता, तेही आता बंद करा.

फिजिओ निवडताना शिक्षण आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा. जिथे शेक, करंट आणि मानेला वजन एवढंच देऊन पंधरा मिनिटांत उठवतात, तिथे पैसे घालवू नका. आई, पहिल्या दिवशी हाडांच्या घनतेचा रिपोर्ट, बीपीचे आकडे आणि सगळ्या गोळ्यांची यादी ने. चांगला फिजिओ आधी तपासेल: तुला पाठीवर झोपवून, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून डोकं दोन्ही बाजूंना वळवेल. साधारण ४४ अंश वळायला हवं. एका बाजूला ३२ च्या आत अडकलं तर पहिल्या-दुसऱ्या मणक्याचा सांधा आखडलाय असं समजतात. मान पूर्ण वळत असेल तर फारशी आशा मानेवर ठेवू नये.

उपचारात अंगठ्याने एकेका मणक्यावर लयीत हलका दाब देतात. दुसऱ्या मणक्याजवळ दाबल्यावर तुझं ओळखीचं दुखणं डोळ्यामागे उठेल. दाब तसाच धरला तर ते दीडेक मिनिटात ओसरायला हवं. वाढत गेलं तर लगेच 'थांबा' म्हण. सोसत पडून राहायची तुझी सवय इथे घातक आहे. हाडं विरळ असतील तर पाठीच्या मणक्यांवर जोर नको, हेही आधीच सांग. नंतर एक-दोन दिवस मान दुखते, कधी त्यातून अटॅकही येतो. म्हणून पहिली खेप छोटी असावी, आणि डोकं उठलेलं असेल त्या दिवशी जाऊच नये.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला घरी करता येईल, पण फिजिओने एकदा समोर करून दाखवल्यावरच. नखं कापा. आईला उशीशिवाय पाठीवर झोपवा आणि तिच्या डोक्याशी बसून कोपर गादीवर टेकवा. दोन्ही तळवे वर करून बोटं किंचित वाकवा. कवटीची कडा संपते तिथे खाली मऊ खळगा लागेल, त्यात बोटांची टोकं ठेवा आणि डोक्याचं वजन त्यांवर येऊ द्या. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, तेवढा भार पुरतो. वरून दाबायचं नाही, ओढायचं नाही, वळवायचं नाही. पहिल्या मिनिटात बोटांखाली सुतळीसारखे ताठ स्नायू लागतील, मग ते हळूहळू मऊ पडतील. ३ ते ५ मिनिटं पुष्कळ झाली. चक्कर किंवा मळमळ वाटली तर हात काढून घ्या.

आई, हाताने मोकळं केलेलं टिकायला मानेच्या आतल्या स्नायूंत जोर हवा. पाठीवर झोपून, 'हो' म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घे. १० सेकंद धर, सोड, असं १० वेळा. मानेच्या पुढच्या दोन जाड दोऱ्यांवर बोटं ठेवून बघ, त्या ताठरल्या तर तू जास्त जोर लावते आहेस. सगळ्यांची चूक इथेच होते: डोकं उशीवरून उचललं जातं, दात आवळले जातात, श्वास रोखला जातो. क्लिनिकात मानेखाली हवेची पिशवी ठेवून हाच व्यायाम २० पासून ३० मिमी पाऱ्याच्या दाबापर्यंत, दोन-दोनने वाढवत करवतात.

बाबा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही खुणा करा. डोकं उठलं त्या दिवशी गोल, गोळी घेतली तर फुली. उपचाराआधीचा एक महिना आणि नंतरचे दोन महिने ताडून पाहा. गोल कमी झाले नाहीत तर पुढची खेप घेऊ नका. फुल्या मात्र जास्त महत्त्वाच्या. मिश्र (एकाहून जास्त औषधांची) वेदनाशामक किंवा ट्रिप्टान या अर्धशिशीच्या खास औषधाची गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साधी वेदनाशामक १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं उठवायला लागते. तसं झालं असेल तर मानेवर कितीही मेहनत घेतली तरी गुण येत नाही. रोजची प्रतिबंधक गोळी मात्र न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

काही दुखणी फिजिओची नव्हेतच. कानशील हात लावताच दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं किंवा नजर अंधुक होणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. मानेत एकाच बाजूला कधी नव्हे अशी कळ येऊन पापणी पडली, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं किंवा तोल गेला तर क्लिनिक नको, सरळ मोठ्या हॉस्पिटलात.

या महिन्याचं कॅलेंडर संपलं की फोटो पाठवा, आणि जुन्या गोळ्यांच्या पाकिटांचाही, नावं दिसतील असा.

तुमची लेक