चिपाड आणि कोळसा

महोदय,

मॉरिशसने २०३० पर्यंत कोळशावरची वीज बंद करण्याचे वचन २०२१ मध्ये जगाला दिले. पण तिथे गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या वीजकेंद्रांत उसाचे चिपाड जळते आणि हंगाम सरला की त्याच ठिकाणी कोळसा. उसाखालची जमीन घटते आहे, म्हणजे चिपाडही घटणार. मग कोळसा बंद करण्याचे काम एकट्या ऊर्जा खात्याचे कसे? तिथल्या २०२० च्या हवामान बदल कायद्याने आंतरमंत्रालयीन परिषद नेमली, हे उत्तमच झाले. चिपाडाचा दर ठरवताना तिने ऊस उत्पादकालाही शेजारी बसवावे. मार्च २०१३ मध्ये राजधानी पोर्ट लुईत पुराने ११ बळी घेतले, काही तर भुयारी मार्गात अडकून. हवामानाच्या अशा तडाख्यांपुढे त्या शहराला खात्याखात्यांत फिरणाऱ्या फायली परवडणार नाहीत.

– एक वाचक, कोल्हापूर