पावलांचा आवाज आणि चिमी

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार. कंबर बरी आहे, गोळ्या चालू आहेत, प्रकृतीचे एवढेच. पत्र लिहिते आहे ते चिमीच्या काळजीपोटी.

कंबर धरल्यापासून मला दुखण्यापेक्षा दुखेल याचीच धास्ती अधिक होती. फिजिओथेरपिस्टने पाठीला एक छोटा सेन्सर बांधला, आणि मी पुढे वाकू लागले की कानात सूर चढत जाऊ लागले. जिथे माझे अंग नेहमी आखडते तिथे सुरावट अर्धवटच होती. ती पुरी व्हावी या ओढीने मी आणखी वाकले, आणि बोटे नडगीच्या मध्यापर्यंत गेल्याचे मला डोळ्यांनी पाहून कळले. जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी असे साधन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात घडवले गेले. सुरावट अपुरी सोडली तर शरीर पुढे जाऊ पाहते, ती विसावली तर थांबते, हे तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले.

पळताना कानात गाणी नकोत, पावले ऐक, यावरून तू माझ्याशी किती भांडायचीस! टेकडीच्या चढावर गाण्याशिवाय माझे पाय उचलत नाहीत, हे माझे म्हणणे मात्र आजही कायम आहे.

पण पावलांचीच गोष्ट मला छळते आहे. २०१५ च्या एका प्रयोगात चालणाऱ्यांना त्यांच्याच पावलांचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. त्यातील उंच कंप्रता, म्हणजे बारीक, तीक्ष्ण स्वर, वाढवले तेव्हा त्यांना आपले शरीर हलके व सडपातळ वाटले, आणि चालही त्याप्रमाणे बदलली. मेंदूकडे शरीर तोलायचा काटा नसतो. स्नायू, सांधे, डोळे आणि कान जे सांगतील त्यावरून तो अंदाज बांधतो. २०१४ मध्ये तर हातावर हातोडीचे हलके टोले मारताना संगमरवरावरच्या टोल्यांचा आवाज ऐकवला, आणि काही मिनिटांत लोकांना स्वतःचा हात जड व कडक वाटू लागला.

आता चिमीचा विचार कर. काडीसारखी झाली आहे, तरी आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, आणि व्यायाम म्हटला की आपण धप्प धप्प पडतो म्हणून रडते. पावलांचा आवाज असा बदलून ऐकवणारे बूट तिला मिळाले तर तो भार उतरून ती मोकळेपणाने पळेल, की हलकेपणाची हाव आणखी वाढेल? माझ्या धास्तीवर आवाज औषध ठरला. पण मला फक्त वाकायचे होते, तिला नाहीसेच व्हायचे आहे. असे साधन बाजारात आले तर ते हा भेद कसा ओळखणार? डॉक्टरांना दाखवण्याचे आम्ही ठरवले आहे. वहिनीही आता तयार झाली आहे. तरीही व्यायामाच्या नावाखाली तिच्या कानात कोण काय घालील याची मला भीती वाटते.

तुझी बदली झाली का? अण्णांच्या डोळ्यांचे काय झाले? सविस्तर कळव.

सुट्टीत आलीस की, डॉक्टरांनी परवानगी दिली तर, तिला सोबत चालायला ने. ती तुझे ऐकते. वजनाचा विषय काढू नकोस. मातीवर, खडीवर, ओल्या गवतावर पाऊल कसे वाजते एवढेच तिला ऐकव, आणि ती काय म्हणते ते मला लिही.

तुझी,
नलू