कापडाची ब्रँच

लालबाग, मुंबई
९ ऑगस्ट

प्रिय सुऱ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दादरच्या पुलावर होतो. वर पाऊस, खाली फेरीवाले, मागून रेटारेटी. नीट ऐकू आलं ते एवढंच की तुझ्या मुक्ताला माटुंग्याच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजात टेक्स्टाईल लागलंय आणि तू चिडलेला आहेस. "ज्यातून आप्पांनी आम्हाला बाहेर काढलं त्यातच ही पोरगी परत चाललीये," असं काहीसं म्हणालास. मी हो-हो करून फोन ठेवला. फोनवर बोलायला मी कच्चाच, तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

पहिली गोष्ट, तू बाहेर पडलास कुठे? इचलकरंजीला आठ माग चालवतोस. सुताचा भाव वाढला की रात्री अकराला मला मेसेज करतोस. विजेच्या बिलावर तुझं व्याख्यान मला पाठ झालंय. बाहेर मी पडलो. आमच्या बाबांनी ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर निक्षून सांगितलं होतं, "कापसाचं नाव काढायचं नाही या घरात." म्हणून मी त्याच व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेलो आणि नंतर रेल्वेच्या कारखान्यात चिकटलो. टेक्स्टाईलच्या शेडवरून रोज जायचो, पण आत एकदाही डोकावलो नाही. याचं आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

तर शनिवारी मुद्दाम माटुंग्याला जाऊन आलो. गेटवर सांगितलं, जुना विद्यार्थी आहे, मित्राच्या मुलीला प्रवेश मिळालाय. वॉचमनने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सोडलं. दगडी इमारत तशीच आहे. पोरं मात्र आपल्या वेळेपेक्षा फार तरुण झालीत रे! आणि मुली किती! आमच्या वर्गात मुलगी म्हणजे बातमी असायची.

आता तुझा मुख्य प्रश्न. "एवढ्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात कापडाची ब्रँच ठेवलीच कशाला?" सुऱ्या, उलटं आहे. कॉलेजने कापडाची ब्रँच ठेवली नाही, कापडासाठी कॉलेज निघालं.

आपल्या देशातली ही जुनी कॉलेजं बघ. रुरकीचं १८४७ साली निघालं ते गंगेच्या कालव्यासाठी. सरकारला कालव्यावर माणसं हवी होती. पुण्याचं १८५४ चं, म्हणजे आजचं सीओईपी, बांधकाम खात्याला हाताखालचे लोक लागत होते म्हणून. त्याच १८५४ साली इकडे कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली, आणि पुढच्या तीस वर्षांत परळ-भायखळ्यापर्यंत धुराडीच धुराडी झाली. यंत्रं लँकेशायरहून यायची आणि यंत्रांबरोबर मास्तरही, म्हणजे यंत्रांतले जाणकार, तिकडूनच यायचे. साचे, म्हणजे माग, चालवायला आपले आजे-पणजे कोकणातून, घाटावरून आले, पण साचा बिघडला का आणि सूत तुटतं का हे सांगणारा गोरा साहेब. त्याचा पगार गिरणीमालकांना परवडत नसणार हे उघड आहे. देशप्रेम किती आणि हिशेब किती, हे आता कोणी मोजावं! पण १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. सर दिनशॉ पेटिट, म्हणजे गिरणीमालकच, मदतीला पुढे आले. जागा भायखळ्याची. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या नावाने जमलेल्या पैशातून जे टेक्स्टाईल स्कूल उभं राहिलं, तेही हिच्यातच. म्हणजे पायाच्या दगडाखाली कापूस भरलेला आहे म्हण.

इथून निघणाऱ्यांना एल.टी.एम. ही पदविका मिळायची, कापड उत्पादनातली. मेकॅनिकलवाल्यांची एल.एम.ई., इलेक्ट्रिकलवाल्यांची एल.ई.ई. तुझे आप्पा सांगायचे, आठवतं? गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मास्तरांच्या केबिनवर पाटी होती आणि नावापुढे ती तीन अक्षरं. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती तीन अक्षरं ते ओळखायचे. "ह्ये असलं की मास्तर, नसलं की साचेवाला," असं म्हणायचे. आपल्या चाळीच्या चारही मजल्यांवर त्या तीन अक्षरांचं एकही घर नव्हतं. गिरण्या होत्या, कॉलेज दोन-तीन स्टेशनांवर होतं, आणि मधलं अंतर कुणालाच ओलांडता आलं नाही. का नाही, हे तुला मी सांगायला नको. सातवीत कोण टिकत होतं?

नावाची एक गंमत सांगतो. १९९७ मध्ये नाव बदललं, वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था झालं. व्हिक्टोरिया गेली, जिजाबाई आल्या, आणि इंग्रजी आद्याक्षरं जशीच्या तशी राहिली. बोर्ड रंगवणाऱ्याचं निम्मं काम वाचलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेचंही तेच झालं, जिजामाता उद्यान. मुंबईत व्हिक्टोरियाची जागा घ्यायची तर जिजाऊंनीच, असं ठरलेलं दिसतं. आपण मात्र अजून राणीची बागच म्हणतो आणि व्हीजेटीआयच म्हणतो.

भायखळ्याहून कॉलेज माटुंग्याला आलं १९२३ साली. आणि मग तो सगळा परिसरच कापसाचा झाला बघ. पुढच्याच वर्षी, १९२४ ला, शेजारी कापसाच्या धाग्याची लांबी, ताकद, बारीकपणा तपासणारी प्रयोगशाळा निघाली. आज तिला सिरकॉट म्हणतात, आणि तिथे अजूनही कापसाच्या वाणांची परीक्षा होते. विदर्भातल्या शेतकऱ्याचा कापूस आणि माटुंग्याची फाईव्ह गार्डन्स यांचा संबंध आहे, हे आपल्याला कधी कोणी सांगितलं? १९३३ ला मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला, तो यूडीसीटी. सुरुवातीच्या अभ्यासक्रमांतच टेक्स्टाईल केमिस्ट्री होती, कारण कापड रंगवायचं कसं, पक्का रंग कसा बसवायचा, हे गिरण्यांना हवं होतं. पुढे तेही माटुंग्यालाच आलं. आज ते आयसीटी, स्वतंत्र अभिमत विद्यापीठ. आपले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तिथलेच.

आणि आता तुझ्या लाडक्या आयआयटीबद्दल. मुक्ताला ती का मिळाली नाही याचं तुला वाईट वाटतंय, मला कळतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नलिनी रंजन सरकारांच्या समितीने सांगितलं की देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढा. खरगपूर १९५१ ला सुरू झाली, इंग्रजांच्या काळात राजबंद्यांना ठेवायच्या हिजलीच्या छावणीत. आपली दुसरी, १९५८ ची. युनेस्कोमार्फत रशियाने यंत्रं दिली, तज्ज्ञ पाठवले. पण पवईला तेव्हा काही नव्हतं, झाडी आणि तळं. पंडित नेहरूंनी तिथे कोनशिला बसवली ती १० मार्च १९५९ ला. मग त्याआधीच्या जुलैत पहिला वर्ग भरला कुठे? वरळीला, सॅस्मिराच्या इमारतीत! सॅस्मिरा म्हणजे कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांनी काढलेली संशोधन संस्था. चौतीसशेच्या वर अर्ज आले आणि शंभर पोरं घेतली, तीही कापडवाल्यांच्या छपराखाली. १९६१ ला संसदेच्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. आता साडेपाचशे एकरांचा पसारा आहे, विमानापासून संगणकापर्यंत सगळं शिकवतात, आणि २०१० मध्ये रुपयाचं चिन्ह करणारे उदय कुमार तिथल्याच डिझाईन विभागात पीएच.डी. करत होते. पण कापडाचा विभाग तिथे नाही. आयआयटीत कापड शिकायचं तर दिल्लीला जावं लागतं. जिने कापडवाल्यांच्या घरात पहिला श्वास घेतला तिने कापड घेतलं नाही. आमच्या बाबांसारखंच!

बरं, शिकवतात काय, हे तू विचारलं होतंस. बी.टेक. चार वर्षांचं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, प्रॉडक्शन, कॉम्प्युटर, आयटी या सगळ्यांच्या रांगेत टेक्स्टाईल. पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स, प्रोग्रामिंग, वर्कशॉप, सगळ्यांना साधारण एकच. म्हणजे तुझं ते "तिला कोडिंग येणार नाही" हे मनातून काढून टाक. मग तंतूचं शास्त्र, सूत कसं बनतं, कापड कसं विणलं जातं, रंगाई-छपाई, तपासणी. २००४ पासून कॉलेज स्वायत्त आहे, पदवी मुंबई विद्यापीठाची पण अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या. पुढे एम.टेक., पीएच.डी.ही करता येते. बाकी टेक्नोव्हान्झा नावाचा तांत्रिक महोत्सव वगैरे पोरांचे उद्योग आहेत, त्यातलं मला काही कळत नाही.

मी त्या दिवशी खिडकीतून बघितलं. एक जुना माग उभा होता, धोट्याचा, आपल्या ओळखीचा. आणि त्याच्या पलीकडे काचेच्या पेटीत काहीतरी मशीन, त्यात कापडाची एक पट्टी दोन्हीकडून ओढली जात होती. तिथल्या पोराला विचारलं, हे काय? म्हणाला, "काका, किती जोर लावल्यावर फाटतं ते बघतोय." मी विचारलं, साडी की धोतर? तो हसला. मग त्याने सांगितलं की गाडीतली एअरबॅग, रस्त्याखाली घालायचं कापड, ऑपरेशनमध्ये टाके घालायचा धागा, अग्निशमनवाल्यांचे कोट, हे सगळं टेक्स्टाईलच. तांत्रिक वस्त्रं म्हणतात म्हणे. केंद्र सरकारने त्यासाठी २०२० ला १,४८० कोटींचं मिशनच काढलं. तुझे आठ माग ग्रे, म्हणजे बिनरंगाचं कोरं, कापड विणून दलालाच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि त्याच ताण्या-बाण्यातून कोणी एअरबॅग काढतो. हा फरक घरात कोणीतरी शिकून आणायला नको?

खोटं सांगणार नाही. यातली बरीच पोरं शेवटी सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर एमबीएला जातात. कॉम्प्युटरवाल्यांसारखे आकडे ऐकायला मिळणार नाहीत, लग्नात नातेवाईक विचारतील तेव्हा तुला जरा खाली बघावं लागेल. आणि तुझ्या गावातच डीकेटीई हे कापडाचं कॉलेज आहे, घरातून डबा घेऊन जाता येईल, हे तुझं म्हणणंही चुकीचं नाही. ते कॉलेज निघालं १९८२ ला. साल बघ. जानेवारीच्या १८ तारखेला इथे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि परत कधी भोंगा वाजलाच नाही म्हण, आणि त्याच वर्षी तुमच्याकडे कापडाचं कॉलेज सुरू झालं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ ला पहिला यंत्रमाग आणला, हे तूच मला सांगितलं होतंस. मुंबईने कापड सोडलं तेव्हा इचलकरंजीने दोन्ही हातांनी धरलं. तुम्ही गेलात तेही त्यातच. ट्रकमध्ये भांडी, वर आप्पा, आणि तू रडत होतास कारण कॅरम आमच्याकडे राहिला होता. (तो अजून आहे. स्ट्रायकर हरवला.)

तरी मला वाटतं, तिने इथे यावं. डीकेटीई वाईट म्हणून नव्हे. तिथे ती तुझी मुलगी म्हणून शिकेल, सुट्टीत मागावर बसेल, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तू तिला सुताच्या पेढीवर पाठवायला लागशील. मी तुला ओळखतो. इथे तिला गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर रोज दिसतील. त्यांच्याखाली काय होतं ते मी दाखवीन. बाबांची गिरणी कुठे होती ते मलाही आता नीट सापडत नाही, सिक्युरिटीवाला आत सोडत नाही, पण धुराड्याची खूण आहे.

राहण्याचं म्हणशील तर हॉस्टेलचा अर्ज लगेच भर. नाहीच मिळालं तर आमच्याकडे. खोली तीच, दहा बाय बारा, पण पोटमाळा केलाय आणि आता संडास घरात आहे. सुनंदा तर आत्तापासूनच गादी उन्हात टाकायच्या गोष्टी करतेय, ऊन नाही ही गोष्ट वेगळी. गणपतीत मात्र अभ्यास होणार नाही, हे आधीच सांगतो. गल्लीत मांडवाचे वासे पडलेत. मुक्ताला महालक्ष्मी एक्स्प्रेसने पाठव, दादरला मी उतरवून घेईन. मूळ दाखले, जातीचं आणि नॉन-क्रीमीलेअर, सगळं एका फाईलमध्ये. झेरॉक्सचे तीन संच. तारीख चुकवू नकोस, त्यात तू आणि मी दोघेही पक्के आहोत.

एक राहिलं. एवढं सगळं तू माझ्याशी भांडलास, पण आप्पांना विचारलंस का? त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून घरात कोणी काही सांगत नाही, असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या. चाळीस वर्षं मागाच्या आवाजात काढल्यावर कान राहणार कसे? तर एक कर. पाटीवर किंवा वहीच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिही, मुक्ता, व्हीजेटीआय, टेक्स्टाईल. खाली ती तीन इंग्रजी अक्षरंही काढ. त्यांच्यापुढे धर आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या